ऑर्गनची जागा

कॅथेड्रलमधल्या ऑर्गनचा खर्ज लागला आणि वडशातल्या नाटक कंपनीच्या कचेरीतली पत्र्याची खुर्ची आपसूक थरथरली. बापूरावांनी डोळे मिटले. त्यांची मुलगी हर्षा फ्रान्समधल्या त्या भव्य चर्चमध्ये फोन धरून बसली होती. तिथला सूर इथे कंपनीच्या भोंग्यांतून उमटत होता. आधी लांबून येणाऱ्या कोळशाच्या मालगाडीसारखा, मग एकाएकी छप्पर उचलून धरणारा.

बापूराव केवळ रसिकतेने ऐकत नव्हते. तो त्यांच्या बाजूचा पुरावा होता. कंपनीचे मालक पत्रूभाऊ यांनी यंदाच्या हंगामासाठी धूर सोडणारे यंत्र आणले होते. कलेने प्रगतीचा हा टप्पा गाठल्यावर यंत्राला साजेशी जागा हवी होती, आणि ती एकच होती: रंगमंचापुढची, जिथे बापूराव आपला पायपेटीचा ऑर्गन घेऊन आयुष्यभर बसत आले होते. नट त्यांची बोटे पाहून सूर उचलत, प्रेक्षक त्यांची मान पाहून दाद देत. आता त्यांना मागच्या पडद्याआड, जनरेटरशेजारी जागा मुक्रर झाली होती. तिथे बसण्यापेक्षा ऑर्गन कायमचा मिटवीन, असे ते घरी सांगून आले होते.

"ऐका, पत्रूभाऊ," ते डोळे न उघडता म्हणाले. "ह्याले म्हंतेत मान. बाजाच्या आवाजाले पुरावी अशी इमारत बांधली लोकाइनं!"

पत्रूभाऊ ऐकत नव्हते; पाहत होते. ती त्यांची व्यावसायिक सवय होती. फोनवर बाकांच्या लांबच लांब रांगा दिसत होत्या, निश्चल बसलेली माणसे, समोर मेणबत्त्या.

"बापूराव, सारं दिसून राह्यलं. वाजवनारा कुठी हाये?"

बापूरावांनी डोळे उघडले. हा प्रश्न त्यांना सुचलाच नव्हता. "हर्षा, बाई, त्या मानसाले दाखव."

हर्षाने फोन हळूच मागे वळवला. प्रवेशद्वाराच्या वर, उंच सज्जात, सागाच्या रोपवनासारख्या नळ्या उभ्या होत्या. माणूस नव्हता.

"नळ्याइच्या आड बसला हाये, बाबा," ती कुजबुजली. "इथी तो कोनालेच दिसत नाई. मांगं वळून पाहाची पद्धतच नाई."

पुरावा उलटला. पत्रूभाऊंच्या चेहऱ्यावर फ्रेंच संस्कृतीविषयी नितांत आदर उमटला.

"पाहा! एवढ्या मोठ्या देशात मांगं बसवतेत, आन तुमाले वडशात लाज वाटून राह्यली?"

भोंग्यांतला सूर वर चढला, थबकला, विझला. मग बापूराव म्हणाले, "बरं. फ्रान्सासारखंच करा. मांगं, पन पडद्याच्या नाई. प्रेक्षकाइच्या मांगं. आन वर."

पत्रूभाऊंना हे वरदानच वाटले. म्हातारा प्रकाशझोताच्या, धुराच्या आणि दृष्टीच्याही बाहेर आपल्या पायांनी जात होता.

पहिला प्रयोग सावलीकडच्या एका गावी, धान कापून मोकळ्या झालेल्या बांधीत होता. रानडुकरांपासून पिकाच्या राखणीसाठी बांधतात तसले मचाण प्रेक्षकांच्या मागे उभे राहिले. बापूराव शिडीने चढून बसले. पडदा उघडला. यंत्राने धूर सोडला. नायकाने हात पसरले. आणि साऱ्यांच्या डोक्यांवरून, मागून, ऑर्गनचा खर्ज आला.

पहिल्या रांगेतली बायनाबाई गर्रकन वळली. "अवं माय! बापूराव तं मचानावर बसले! मंग आपन इकडं तोंड करून काऊन बसलो वं?"

तिने आपले पोते उचलले आणि उलट्या दिशेला तोंड करून अंथरले. शेजारणीनेही तेच केले. मग एकेक रांग फिरत गेली. गाणे संपले तेव्हा अख्खे गाव मचाणाकडे पाहून 'वन्समोर' ओरडत होते. नायकही धुरातून खाली उतरला होता. बापूरावांची बोटे दिसल्याखेरीज त्याला सूर सापडत नव्हता.

रंगमंचावर आता यंत्र होते, धूर होता आणि खोकणारे पत्रूभाऊ होते. फ्रान्सची पद्धत त्यांनी तंतोतंत आणली होती. मागे वळून न पाहणारे फ्रेंच तेवढे आणायचे राहून गेले होते.