दोघांची सायकल

विसर पडायला लागल्यापासून हार्लन घरात टिकेना. दार उघडं दिसलं की चालू लागे. म्हणून व्हर्ना नवऱ्याला दोघांनी मिळून पायडल मारायच्या सायकलवर मागं बसवून पेनसिल्व्हेनियाच्या राज्य उद्यानात, जंगलवाटेनं निघाली. समोरून येणारा प्रत्येक सायकलवाला तोच विनोद करी, “आजी, मागचे आजोबा पायडलच मारत नाहीयेत!” ती सवयीनं हसे.

फाट्यावर पाय टेकून तिनं पाटीवरचा नकाशा नीट पाहिला आणि पुन्हा निघाली. पुढचा चढ चक्क हलका गेला.

“वा रे हार्लन, आज जोर लावतोयस! वृद्धाश्रमात ठेव म्हणणाऱ्या लेकीला दाखवायला हवं हे.”

उतारावरून सुसाट आलेला एकजण ओरडला, “आजी, मागं कुणीच नाही!”



व्हर्ना सवयीनं हसली आणि पुढचं वळण घेतलं.