केवढी खोली घ्यायची

"खोलीच भाड्याने घ्यायची ना? मग सरळ मोठी घे," अंबिका म्हणाली.

"मोठी रिकामी पडली तर? भाडं चालूच राहील, आई." स्पृहाने लॅपटॉप तिच्याकडे वळवला.

हे सर्व्हर प्रकरण लेकीने आईला चाळीच्या भाषेत समजावलं होतं. कुठेतरी एक भलामोठा कॉम्प्युटर असतो, त्याचे वाटे करून भाड्याने देतात, आणि वेबसाइट त्यात राहते. स्वस्तातलं हवं तर सगळ्यांना मिळून एकच नळ. शेजाऱ्याने बादल्या लावल्या की आपण कोरडे; साइट सध्या तिथेच होती. थोडे जास्त मोजले तर स्वतःची मोरी, स्वतःचा मीटर. नळ सामाईक नको, यावर दोघींचं एकमत होतं. घोडं अडलं होतं ते खोली केवढी घ्यायची यावर.

"आणि लहान खोलीत गर्दी उसळली तर?"

"दार उघडत नाही. गिऱ्हाईक माघारी जातं."

माघारी हा शब्द अंबिकाच्या रोजच्या ओळखीचा. लालबागमधल्या तिच्या मसाला कांडपाच्या दुकानात हल्ली दुसरं काय चाललं होतं? बायका यायच्या, बेडगी मिरची हातात घेऊन हुंगायच्या, भाव ऐकून नाक मुरडायच्या आणि कोपऱ्यावरून तयार पाकीट घेऊन घरी जायच्या. नवऱ्याने गिरणी सुटल्यावर घातलेलं हे दुकान. तो गेल्यावर मिरचीचा खाट छातीत घेत तिने एकटीने ओढलं, त्यातच स्पृहाला इंजिनियर केलं. आता छाती वाजायची. दुकान बंद पडलं तर दोघींचं घर स्पृहाच्या एका पगारावर येणार होतं, आणि लेकीच्या गळ्यात पडून जगणं अंबिकाला मरणाहून वाईट वाटत होतं.

वेबसाइटचं खूळ स्पृहाचं. "फोनातून वास येता काय गो मसाल्याचा?" म्हणून अंबिकाने तिची यथेच्छ टर उडवली होती. गिऱ्हाईक डोळ्यांनी दिसल्याशिवाय माझा विश्वास नाही, असंही बजावलं होतं. मग स्पृहाने तिच्या फोनवर एक आकडा लावून दिला. या घडीला साइटवर किती माणसं आहेत ते त्यात दिसायचं. ऑर्डरी स्पृहाच्या फोनवर जाणार, आईकडे नुसता आकडा. तो बहुतेक वेळा एक असायचा. तो एक म्हणजे आपण स्वतःच, हे कळल्यावर अंबिका कडवट हसली होती.

"आधी लहानच घेते," शेवटी स्पृहा म्हणाली. "तिला किती झेपतं ते बघू, मग ठरवू."

पुढच्या आठवड्यात भर दुपारी शेजारचा मिठाईवाला हितेंद्र दुकानाच्या पायरीवर येऊन उभा राहिला. हा गाळा आपल्या दुकानाला जोडायची त्याची जुनी इच्छा.

"वहिनी, शेवटचं विचारतो. चिवडा गल्लीत दुसरा गाळा मिळतोय, संध्याकाळी बोलणी पक्की करतोय. तुम्ही देत असाल तर तो सोडतो."

"मी मेल्यावर न्या," अंबिकाने नेहमीचं उत्तर दिलं.

"तुमची मर्जी. पण धंदा राहिलाय काय आता? मी शेजारीच बसतो, मला दिसतं ना."

तो गेला. बोलणं खरं होतं, म्हणूनच झोंबलं. भावही त्याने मातीमोल दिला होता; जुन्या भाड्याचा गाळा, मालकाचा वाटा गेल्यावर हाती उरणार काय? ऐन हंगामात कांडपयंत्रं गप्प उभी होती. अंबिकाने उगाच फोन उघडला.

आकडा शंभरावर होता.

तिने चष्मा पुसला. आकडा पाचशेवर गेला. बघता बघता हजार ओलांडून पुढे पळाला. उभ्या जन्मात एवढी माणसं तिच्या पायरीवर चढली नव्हती. लहान खोली आता कोसळणार, म्हणून तिने देवाचं नाव घेतलं, पण दार उघडंच राहिलं आणि माणसं आत शिरतच राहिली. ती स्पृहाला फोन लावत राहिली. लेक उचलेना. एवढ्या ऑर्डरी आल्यावर तिला तरी कुठली उसंत!

"भाव काय गो मावशी?" पायरीवरून एका बाईने विचारलं. भाव ऐकला आणि पाकिटाच्या दिशेने निघून गेली.

पिकतं तिथं विकत नाही, ते हे असं. अंबिकाला पहिल्यांदाच त्या बाईचा राग आला नाही, उलट कीव आली. गिऱ्हाईक पायरी चढणारच नसेल तर लालबागचा गाळा हवा कशाला? कांडायला शिवडीतली एखादी शेड पुरे. हाताखाली माणसं ठेवावीत, आपण नुसता वास घेऊन सांगावं, अजून भाजा म्हणून. 'आई, सोड ते, छाती बघ तुझी,' हे स्पृहा किती वर्षं विनवत होती. आज तिने काही बोलायच्या आधीच आईने ऐकलेलं असेल.

अंबिका शेजारी गेली. हितेंद्रने कागद केव्हाचे तयार ठेवले होते. तिने सही केली, त्याने तिच्यासमोरच चिवडा गल्लीत फोन करून नाही म्हणून सांगितलं, आणि दिवस मावळायच्या आत त्याच्या माणसांनी यंत्रं उचलून टेम्पोत चढवली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते मिरचीचं आहे असं तिने सगळ्यांना सांगितलं.

घरी येऊन तिने साडी बदलली आणि हितेंद्रने दिलेले पेढे ताटलीत मांडले. दारात स्पृहाची चप्पल वाजली.

"आई, झालं पक्कं!" ती आत येता येताच म्हणाली. "लहान सर्व्हरच ठेवायचा."

"अगो, पण एवढी माणसं..."

"तू पण बघितलास आकडा? तुझे फोन दिसले गं, पण माझे दोन्ही हात अडकले होते. दुपारभर मी कॉम्प्युटरनेच हजारो खोटी माणसं आत सोडत होते, सर्व्हरला किती झेपतं ते बघायला. मस्त टिकला!" तिने ताटलीतला पेढा उचलून तोंडात टाकला. "मोठा घेऊन करायचंय काय? खरं गिऱ्हाईक अजून एकही आलेलं नाही. दुकान आहे म्हणून बरं."