फाटलेली वाघर

रविवारी पूनम सोलापूरच्या प्रयोगशाळेतून माळावर आली, तेव्हा तिची आई केराबाई मेंढ्या कोंडायची वाघर मांडीवर घेऊन फाटलेली जाळी सुतळीनं सांधत होती.

"तितं दिवसभर करतीस तरी काय?"

"आये, अंगातल्या पेशीत डीएनए असतो. त्याची जागा मधल्या खोलीत. खोलीबाहेर सांडलेला दिसला की पेशीतला राखणदार ओरडतो आन् सगळं अंग लढायला उठतं. त्याला वाटतं, रोगाचा विषाणू शिरला."

"आन् तो आपलाच असला तर?"

"कुणाचा ते तो बघत न्हाय. कुटं पडलाय एवढंच बघतो."

"आपला खंड्या तसाच की. वाघरीभायर आपलंच कोकरू दिसलं तरी भुकून रान उठवतो."

"तसंच. त्या राखणदाराला गप करायचं औषध शोधतोय आमी."

केराबाईचा हात थांबला. "खंड्याला गप केलं, तर लांडगा आल्यावर कोण सांगंल?"

तिनं वाघरीतलं भोक पूनमपुढं धरलं.

"कुत्र्याच्या मागं का लागलाय? जाळी कुटं फाटलीय ते हुडका की."

पूनमनं पिशवीतून आईच्या सांधेदुखीच्या महिनाभराच्या गोळ्या काढल्या. केराबाईनं त्या सुजलेल्या बोटांनी घेतल्या, पदराला बांधल्या.

"माझ्या अंगातला खंड्या आपल्याच कोकरावर भुकतोय, व्हय ना?"

पूनमनं होकारार्थी मान डोलावली.

"मग तू भोक हुडीक. तवर मी दम धरते," केराबाई म्हणाली आणि तिनं पुन्हा सुतळी ओढली.