मागचा शॉक दबत नाही

भिंतीला एक हात टेकून नवरा सायकलवर बसला, पण मागचा, धक्के झेलणारा शॉक ढिम्म हलला नाही. कप्तानाने वाकून शॉकच्या दांड्यावरचं रबरी कडं पाहिलं. माणूस बसला की शॉक दबतो आणि कडं सरकतं. पाव दांड्यापर्यंत सरकलं की जमलं. हे जेमतेम नखभर सरकलं होतं.

"बघितलंस? गेलाय शॉक," नवरा उतरता उतरता म्हणाला. एवढ्यानेच त्याला दम लागला, पण तो त्याने खोकल्याखाली झाकला.

बायको उंबऱ्यात बसून शाळेच्या गणवेशांना हूक लावत होती. गठ्ठा संपायचं नाव घेत नव्हता. दिवसभर मशीन मारून तिची पाठ भरून आली होती, आणि आता हे दोघे सायकल घेऊन मागच्या अंगणात ठाण मांडून बसले होते.

कप्तान म्हणजे दर रविवारी टेकडीवर सायकली नेणाऱ्या टोळीचा म्होरक्या. त्याला असल्या कामात भारी हुरूप. हवेचा छोटा पंप त्याने आणला होताच, शिवाय मोबाइलभर नव्या सामानाचे फोटो.

"शॉक बदलतोच आहेस तर पुढच्या चाकाचा फोर्कही बदल. आणि गिअरपण. हे तीन चकत्यांचं आता कोण वापरतं?"

"मग जुनं उरलं काय? नुसता सांगाडा."

"सांगाडा धड आहे रे. त्याला काही झालेलं नाही."

नवरा हसला. "नाचता येईना अंगण वाकडं, असं म्हणशील. पण इथे अंगण खरंच वाकडं आहे बाबा."

बायकोने दोरा दाताने तोडला आणि मान वर केली नाही.

आजारातून उठल्यावर गेल्या रविवारी तो पहिल्यांदाच टेकडीवर गेला होता. झाडाच्या मुळावरून जाताना सायकलने मागून अशी लाथ घातली की कोपर सोलवटून घरी आला. तेव्हापासून एकच पाढा. एक तर सगळं नवं बसवायचं, नाही तर सायकल भंगारात घालायची. भंगारात गेली की हा पुन्हा खाट धरणार, हे ती जाणून होती. आणि नवं बसवून पुन्हा पडला, तर या वेळी कोपरावर निभावेलच असं नाही.

"थांब, सामान मागवण्याआधी एकदा हवा नीट भरून बघू," कप्तान पंप जोडत म्हणाला. "वजनाप्रमाणे भरावी लागते, जास्त झाली की शॉक दगड. किती धरू?"

"किती म्हणजे? होतं तेवढंच. ऐंशी."

कप्तान पंपाच्या काट्याकडेच बघत राहिला. नवऱ्याने सदरा वर केला. "ही पँट बघ. कमरेला कशी चोख बसलीय. पट्टासुद्धा लागत नाही. भरून आलंय सगळं."

ती पँट बायकोनेच शिवण घालून आत घेतली होती. सगळ्याच घेतल्या होत्या, सदऱ्यांसकट, तो झोपलेला असताना. दवाखान्यातून घरी आला त्याच आठवड्यात उभं राहताना त्याची पँट सरळ पायाशी उतरली होती, आणि मग तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. जेवेना, बोलेना. कपडे अंगाला बसायला लागले तसा हळूहळू माणसात आला. तिला वाटलं होतं, कपड्यांमागून वजनही येईल. ते काही आलं नव्हतं. आणि लपवण्यानेही माणूस थकतो. ती फार थकली होती.

कप्तान पंप मारू लागला.

"भावोजी, साठ धरा," ती म्हणाली.

पंप थांबला.

"साठ काय?" नवऱ्याने विचारलं.

"तुमचं वजन. साठलाही थोडं कमीच असेल."

"अगं, ही पँट..."

"आत घेतलीय. सगळ्याच घेतल्यात. मीच."

त्याने कमरेपाशी बोट घालून शिवण चाचपली. बराच वेळ चाचपत राहिला. मग कप्तानाकडे वळला. "तुला माहीत होतं?"

"दिसत होतं," कप्तान म्हणाला. "तू ऐंशी म्हणालास, मी ऐंशीची हवा भरायला घेतली."

कप्तानाने शॉकची हवा सोडली. काटा खाली आला, आणखी खाली आला. मग त्याने सायकल धरून ठेवली आणि मानेनेच बस म्हणून खुणावलं.

नवऱ्याला बसायचं नव्हतं, ते त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. तरी बसला. सायकल त्याच्याखाली मऊ दबली, अगदी पूर्वीसारखी. कडं पाव दांड्यावर येऊन थांबलं.

"म्हणजे शॉक चांगला आहे," तो म्हणाला.

"शॉकला काय धाड भरलीय?" कप्तान पंप गुंडाळत म्हणाला. "आणि बाकीच्या सामानाचं राहू दे आता." चहाला न थांबताच तो निघून गेला.

नवरा सायकलवरून उतरला नाही. हात भिंतीला टेकलेलाच. ती पुन्हा गणवेश हातात घेऊन बसली, पण सुईत दोरा जाईना. तो रागवेल, निदान बोलेल तरी, म्हणून ती वाट बघत होती.

"आत घेताना," शेवटी तो म्हणाला, "जास्तीचं कापड कापून टाकलंस?"

"नाही," ती म्हणाली. "सूतभरही नाही. सगळं आत दुमडून ठेवलंय."