आई गं!

प्रार्थनेत एकदा भान हरपलं की शिंपीणबाई स्वतःच्या तळहातातून सुई आरपार काढायच्या, पण तोंडातून ब्र निघत नसे. घरी आल्यावर मात्र हात ठणकायचा. या खेपेला तोही ठणकला नाही.

सकाळी मशीनची सुई बोटात घुसली. बाईंना काहीच जाणवलं नाही. आतल्या रिकाम्या खोलीतून मात्र पोरीचा आवाज आला, "आई गं!"

"कोण ओरडलं गं?" नवऱ्याने ओट्यावरून विचारलं.

बाईंनी आतल्या खोलीकडे पाहिलं. त्यांना मूलबाळ नव्हतं. 'आई' म्हणून हाक आजवर कुणी मारली नव्हती.

त्यांनी मुद्दाम दुसरं बोट टोचलं.

"आई गं!" आता आवाज दाराशी होता.

बाईंनी तापलेली इस्त्री उचलली, तळहात पसरला आणि हळूच म्हणाल्या, "ये बाळा, अशी जवळ ये."