बोलायची कार्डं

"'पाणी' म्हण, मग देते!" नणंदेनं पेला उंच धरला होता. सहा वर्षांची स्वमग्न रेवा तिच्यासमोर स्वतःचंच मनगट चावत उभी होती. बाजारातून आलेली मृण्मयी पिशवीसकट दारातच थिजली.

"वन्सं, तिची बोलायची कार्डं कुठायत?"

"फ्रिजवर टाकलीत. त्या चित्रांनीच मुकी केलीय पोरीला. घसा कोरडा पडला की आपसूक बोलेल."

मृण्मयीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं कार्डांचा जुडगा काढून लेकीपुढे धरला. रेवानं पाण्याचं चित्र बाजूला सारलं, हात हलवणाऱ्या बाईचं शोधलं आणि आत्याच्या तळहातावर दाबलं. खाली लिहिलं होतं: टाटा.

मृण्मयीनं नणंदेच्या हातून पेला काढून लेकीला दिला आणि आतून वन्संची बॅग आणून दारात ठेवली.

"बोलली तुमची भाची. ऐकलंत ना?"