बरी झालेली बोटं

बारा वर्षं रस्ते फोडायचं ब्रेकर मशीन चालवून चालवून त्याची बोटं सकाळच्या गारव्यात पांढरीफटक पडायची. शर्टाची बटणंही लावता येईनात. ती रोज बायकोच लावून द्यायची. शेवटी तीच त्याला ओढत डॉक्टरांकडे घेऊन गेली.

"मशीनच्या थरथरीनं बोटांतल्या रक्तवाहिन्या आकसतात," डॉक्टर म्हणाल्या. "मशीन सोडा, नाहीतर बोटं कामातून जातील."

त्याच्या अगदी जिवावर आलं, पण त्यानं मशीन सोडलं आणि एका गोदामात देखरेखीचं काम धरलं. वर्षभरात बोटांना रंग आला. तरी रोज सकाळी तो उघड्या शर्टानं बायकोसमोर उभा राहायचाच.

एकदा बटणं लावता लावता ती म्हणाली, "काल सासूबाईंच्या सुईत दोरा कोणी ओवला हो?"

तो गोरामोरा झाला. "मीच."

"एका झटक्यात ओवलात म्हणे. मग ही बटणं?"

"डॉक्टरांनी मशीन बंद करायला सांगितलं होतं," तो पुटपुटला. "हा बटणांचा उपचार नाही."

तिनं लावलेली दोन बटणं काढली आणि वरून पुन्हा सुरुवात केली.